हुग्गी की पाणी

त्रिशलाच्या सासऱ्यांच्या मते निपाणी तालुक्यात तिच्या नोकरीइतकं पापाचं काम दुसरं नव्हतं. सून सकाळी साडेनऊच्या बसनं जाते, काचेच्या बशीत जीव वाढवते, एकाचे कोटी करते, ते मोजून वहीत मांडते, आणि संध्याकाळी सगळ्यांना भल्यामोठ्या कुकरात घालून वाफेनं मारून साडेपाचच्या बसनं घरी येते, असं पद्मराज आप्पांचं म्हणणं होतं. आणि खरं सांगायचं तर शास्त्राच्या दृष्टीनं त्यात एकही चूक काढता येत नव्हती. सुनेवर त्यांचा राग नव्हता, उलट जीव होता. ती दारात चपला काढत असताना ते एवढंच विचारत, "आज किती गेलं गं?" ती म्हणे, "मोजलं न्हाईत, आप्पा." मग ते डोळे मिटून तिच्या वतीनं नऊ वेळा जैनांचा णमोकार मंत्र म्हणत आणि सूर्य बुडायच्या आत चहा मागत.

त्रिशला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. तिची लॅब निपाणीत एका जुन्या तंबाखूच्या वखारीच्या माडीवर होती. खाली अजून तंबाखूचा वास, वर निर्जंतुक खोली, आणि मधल्या जिन्यात शिंकणारी माणसं. गूळ, दूध, मिरचीपूड, पाणी, कुणी आणून देईल ते तिथं तपासलं जाई. मालक नागेंद्र सर रागावले की कन्नडात बोलत, समजूत घालायची झाली की मराठीत, आणि स्वतःची चूक झाली असेल तर इंग्रजीत. अकरा वर्षं नळ्या धुवून, बशा ओतून, ठिपके मोजून गेल्या दिवाळीत त्रिशलाला अहवालावर सही करायचा अधिकार मिळाला होता. जंतू ज्या रश्शावर वाढवतात त्यात मांसाचाही अर्क असतो, हे मात्र तिनं अकरा वर्षांत घरी सांगितलं नव्हतं. घर टिकवायचं तर काही गोष्टी पोटातच ठेवाव्या लागतात.

गावात पाण्यावर आप्पांचं राज्य होतं. जैन बस्तीच्या, म्हणजे देवळाच्या, आवारात जी विहीर आहे, तिचं पाणी काढायचं ते आप्पांनी किंवा आप्पांच्या देखत. दुहेरी जाड कापडातून ते गाळायचं, आणि कापडावर राहिलेले न दिसणारे जीव पाण्याच्या धारेनं पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडायचे. फेकायचं नाही, आदळायचं नाही. एकतीस वर्षं त्यांनी हे एक दिवस न चुकता केलं होतं. पंगतीला हे गाळलेलं पाणी चाले. ज्यांनी व्रतं घेतलेली असत त्यांच्यासाठी तेच पाणी आप्पा वेगळं उकळून ठेवत. ते स्वतः व्रती होते. उकळल्याशिवाय पाण्याचा थेंब ओठाला लावत नसत आणि लग्नाकार्याला जाताना स्वतःची पितळी कळशी बरोबर नेत.

त्यांच्या बायकोचं, म्हणजे शालनचं, राज्य हुग्गीवर. त्रिशला त्यांना आत्ती म्हणे. गव्हाची ही खीर सगळ्या मुलखात होते, पण आत्तींची हुग्गी खायला चिकोडीपासून माणसं येत. उखळात सडलेला गहू, गूळ, ओलं खोबरं, खसखस, वेलदोडा. सहाशे माणसांचं प्रमाण त्यांच्या मनगटात होतं, कागदावर कुठंच नव्हतं. चाळीस वर्षं बस्तीच्या प्रत्येक पंगतीला हुग्गी त्यांच्या हातची. लोक नेमके कशासाठी येतात, आपल्या पाण्यासाठी की हिच्या हुग्गीसाठी, यावर नवराबायकोत एकतीस वर्षं न बोलता भांडण चाललं होतं.

ते उघड्यावर आलं बस्तीच्या वर्धापनदिनाला. रविवारी सहाशे माणसं जेवली आणि सोमवारपासून बावन्न जणांची पोटं वाहू लागली. गावात संडास किती आणि गरज किती याचा काही केल्या मेळ बसेना. ज्यांची वर्षानुवर्षं बोलाचाल नव्हती अशी माणसं एकमेकांच्या मागच्या परड्यात बादली घेऊन उभी राहिली. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी मीठसाखरेची पाकिटं वाटली. नव्वदीच्या मालुबाईंना मात्र निपाणीला नेऊन दोन दिवस सलाइनवर ठेवावं लागलं, आणि गावाच्या तोंडचं पाणी पळालं. त्या तिसऱ्या दिवशी उठून भाकरी मागत्या झाल्या, तेव्हा कुठं लोकांना दोष कुणाचा हे शोधायला उसंत मिळाली.

दोष द्यायला गाव एका घराच्या दारात येऊन उभं राहिलं, कारण पाणी नवऱ्याचं होतं आणि हुग्गी बायकोची.

"दोनी तपासून घिऊ," बस्तीच्या कमिटीचे अध्यक्ष बाबगोंडा अण्णा म्हणाले. "लॅब तर घरचीच हाय."

बुधवारी आप्पांनी त्रिशलाकडून निर्जंतुक बाटली घेतली, कशी भरायची ते नीट ऐकलं, आणि स्वतः भरून आणून दिली. अण्णांनी हुग्गी पैदा केली. कुणीतरी पंगतीतून डबा भरून नेला होता आणि आजारपणाच्या गोंधळात तो तीन दिवस फडताळात तसाच राहिला होता. झाकण उघडल्यावर लॅबमधली कामाला नवी असलेली दिव्या म्हणाली, "मॅडम, हे तपासायची गरज आहे का?" तरी तपासलं.

शनिवारी निकाल आला. हुग्गीच्या बशीवर मोजायला जागा शिल्लक नव्हती. आणि पाण्यात काहीच नव्हतं. एकही नळी गढूळ झाली नव्हती, एकाही बशीवर ठिपका नव्हता. सगळीकडे शून्य.

त्रिशला त्या शून्याकडे बराच वेळ बघत राहिली. उघड्या विहिरीचं पाणी, तेही कापडातून गाळलेलं, आणि शून्य? दुकानातल्या सीलबंद बाटलीतही दहा-वीस निघतात. पण कमिटीचे सकाळपासून चार फोन आले होते, नागेंद्र सर दारात उभे होते, आणि आणखी एक गोष्ट, जी तिला नंतर फार लागली: तिला बरं वाटलं होतं. घरातलं एक माणूस तरी निर्दोष सुटलं, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. तिनं सही केली. हुग्गीच्या अहवालाखाली, नमुना तीन दिवसांचा शिळा आहे, यावरून पंगतीच्या हुग्गीबद्दल काही ठरवू नये, असं बारीक इंग्रजीत लिहिलं. बाबगोंडा अण्णांनी नेमका तेवढा भाग सोडून बाकी सगळा अहवाल वाचला.

रविवारी बस्तीच्या मंडपात बैठक झाली. बायकांच्या बाजूला आत्ती पदर सारखा करून बसल्या होत्या. अण्णांनी कागद फडकवला.

"पाणी सोन्यावाणी हाय. दोष हुग्गीत निगाला. आक्का, तुमचं बी आता वय झालं. पुडच्या म्हैन्यातल्या पूजेला सैपाक निपानीच्या केटररकडनं आणू. तुमी इसावा घ्या."

सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पा फरशीकडे बघत होते. फरशीवर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ते बघत राहिले. आत्ती उठल्या आणि कुणाशी न बोलता घरी गेल्या.

घरात त्या दिवसापासून जेवणं गार होऊ लागली. आत्ती ताटं वाढत, मग प्रत्येक ताटातला एक घास आपण खात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पाच मिनिटं उभ्या राहत.

"मरायचं आसल तर आदी मी मरतो," त्या म्हणत. "मग तुमी जेवा."

पाच मिनिटं झाली की, "न्हाय मेलो. घ्या."

पहिल्या दिवशी त्रिशलाच्या नवऱ्याला, वृषभला, हसू आलं. आईनं नुसतं बघितलं आणि त्यानं गार आमटी निमूट ओरपली. आप्पा खाली मान घालून जेवत. एवढं पाणी गाळणाऱ्या माणसाला बायकोसाठी एक वाक्य गाळून काढता येऊ नये, याचा त्रिशलाला संताप येई. पण सही तिची होती, त्यामुळे तिलाही तोंड वर करायची सोय नव्हती.

गुरुवारी सकाळी ती बसला निघाली, तर आत्ती परड्यात तिची वाट बघत उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"तपास."

"काय, आत्ती?"

"ह्ये हात. तुज्या त्या बशीवर लावून बग. कायतरी आसलच माज्यात. चाळीस वर्सं मी लोकांच्या प्वाटात काय घातलं, मला कळू दे तरी."

हात कोरडे, भेगाळलेले होते, अंगठ्याजवळ विळीचा जुना व्रण होता. आत्तींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. त्रिशलाला रडू आलं आणि ते तिनं आवरलं नाही. मग नाक पुसून पिशवीतली निर्जंतुक काडी काढली आणि दोन्ही तळव्यांवरून, नखांच्या खालून, बोटांच्या बेचक्यांतून फिरवली. आत्ती श्वास रोखून उभ्या होत्या, जणू हाताचा फोटोच निघत होता.

"एक इचारू?" काडी नळीत गेल्यावर त्या म्हणाल्या. "त्या दिशी सोळा व्रती व्हते. त्यास्नी बी मीच वाढलं. त्याच हंड्यातली हुग्गी. ते का पडलं न्हाईत?"

त्रिशला नळी हातात धरून जागच्या जागी उभी राहिली. साडेनऊची बस गेली.

तिनं त्या दिवशी रजा टाकली आणि वही घेऊन गावभर फिरली. तसं हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पण बशीवर दिसतं तेच खरं मानायची लॅबच्या माणसांना खोड असते. बावन्न आजारी. सगळ्यांनी हुग्गी खाल्ली होती, सगळे गाळलेलं पाणी प्यायले होते. सोळा व्रती. सगळ्यांनी हुग्गी खाल्ली होती, दोघा म्हाताऱ्यांनी तर दोन-दोनदा मागून घेतली होती. आजारी एकही नाही. त्यांच्या पानात वेगळं काहीच नव्हतं. वेगळं होतं ते पेल्यात: आप्पांनी उकळलेलं पाणी.

हुग्गी सुटली. पण मग पाणी शून्य कसं?

शुक्रवारी लॅबमध्ये पोचल्या पोचल्या तिनं फ्रिजमधून आप्पांची बाटली काढली. उरलेला नमुना काही दिवस जपून ठेवायचा नियम आहे, आणि नियम कंटाळवाणे असले तरी कधीमधी उपयोगी पडतात. तिनं बाटली उजेडासमोर धरली. तळाशी पांढरा, पिठासारखा साका बसला होता. हा साका तिनं कुठं बघितला होता हे तिला आठवावं लागलं नाही. गावचं पाणी जड. ते उकळलं की भांड्याला असाच पांढरा थर धरतो. आप्पांच्या पाण्याचं पातेलं दर रविवारी लिंबू चोळून घासायचं काम लग्न झाल्यापासून तिच्याकडेच होतं.

संध्याकाळी आप्पा घराच्या पुढच्या सोप्यावर, ओसरीला बसले होते. चपला काढायच्या आधीच तिनं विचारलं, "आप्पा, ती बाटली कशी भरलीसा?"

"म्हंजे? तू सांगितलंस तशी. हात धुऊन, तोंडाला हात न लावता."

"आन त्याच्या आदी?"

"त्याच्या आदी गाळलं. उकळलं. गार केलं. मग भरलं."

बाहेर पडण्याआधी धोतर नेसलं, हे सांगावं तितक्या सहज ते हे बोलले. त्रिशला पायरीवरच बसली.

"उकळलं?"

"मग काय तसंच दिऊ? मला काय ठावं न्हाय व्हय, तितं काय करता ते? तू एकाचं कोटी करणार आन मग कुकरात घालणार. माज्या हातानं जिता जीव मी त्यासाठी दिऊ? एकतीस वर्सं ज्यास्नी परत हिरीत सोडलं, त्यास्नी?"

"उकळताना बी मरत्यातच की, आप्पा!"

"मरत्यात. जेवडं हायत तेवडं मरत्यात. मी आदी वाडवत तर न्हाय."

या मुद्द्याला एम.एस्सी.च्या दोन वर्षांत कुणी उत्तर शिकवलं नव्हतं. त्रिशलानं कपाळावर हात मारला. हा माणूस खोटं बोलला नव्हता, काही लपवलं नव्हतं. पाण्यातल्या जंतूंवर इतकी माया केली होती की त्यापायी बायकोच गुन्हेगार ठरली.

"बावन्न मानसांच्या प्वाटात कोटी झालंच की," ती म्हणाली. "ते कुणी वाडवलं?"

"ते पाण्यानं न्हाय. मी रोज त्येच पाणी पितो, मला काय झालं? ते हुग्गी—"

पुढचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला, कारण स्वयंपाकघराच्या दारात आत्ती उभ्या होत्या. हातात पीठ मळलेली परात होती. ती त्यांनी हळूच खाली ठेवली.

"तुमी उकळून पिता," त्या म्हणाल्या. "म्हणून तुमास्नी काय झालं न्हाय. मला लिवता येत न्हाय, पर येवडं कळतंय."

त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले.

"बाटलीतल्या जिवाला तरास नको म्हणून उकळून दिलासा. लई चांगलं केलासा. पर त्या मंडपात मी बी व्हतो. मला बी जीव हाय. एकदा म्हणायचं व्हतं, माज्या बायकूनं चाळीस वर्सं रांदलंय, तिच्या हातनं आसं व्हणार न्हाय. मग समद्यांनी मला हाकललं आसतं तरी चाललं आसतं. डोळ्यास्नी दिसत न्हाईत त्या जिवांची येवडी माया तुमाला, आन मी येवडी थोरली बाई म्होरं बसलेली, ती दिसलो न्हाय?"

त्यांनी परात उचलली आणि आत गेल्या. आप्पांनी त्या संध्याकाळी जेवण घेतलं नाही, पाणीही नाही. त्यांना कुणी आग्रहही केला नाही.

सकाळी त्रिशला आवरून बाहेर आली, तर सोप्यावर कळशी, कापड सगळं जागच्या जागी होतं आणि आप्पा नव्हते. ते विहिरीवर होते. काल रात्री तिनं रागानं टेबलावर आपटून ठेवलेली दुसरी निर्जंतुक बाटली त्यांच्या हातात होती. दोरीनं पोहरा वर आला, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा कापड मध्ये न धरता त्यांनी पाणी सरळ बाटलीत घेतलं. थोडं सांडलं. सांडलेल्या पाण्याकडे बघून ते काहीतरी पुटपुटले.

बसमधून ते बाटली बर्फाच्या डब्यात घालून, डबा मांडीवर धरून बसले. वखारीचा जिना चढताना सात वेळा शिंकले. लॅबचा फॉर्म दिव्या भरत होती, तो त्यांनी आपल्याकडे ओढून घेतला आणि जाड अक्षरात लिहिलं: नमुना घेणारा पद्मराज. पाणी न गाळलेलं, न उकळलेलं. खाली सही केली.

"जपून कर गं," ते बाटलीकडे बघत त्रिशलाला म्हणाले.

तीन दिवसांनी तिनं त्यांना बोलावून घेतलं. नागेंद्र सर त्या दिवशी तापलेलेच होते, कारण आधीचा अहवाल मागे घ्यायचा म्हणजे लॅबचं नाक कापलं जाणार. "येनम्मा इदु?" हे काय आहे म्हणून ते पाऊण तास कन्नडात ओरडले. त्रिशलानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "सर, शून्य बघूनच मला शंका आली होती. तरी सही केली. चूक माझी आहे, तसं लिहा." यावर ते मराठीत आले.

आप्पांनी चपला जिन्यात काढल्या आणि देवळात शिरावं तसे आत आले. टेबलावर बशा मांडल्या होत्या. पहिल्या बशीत गडद जांभळ्या थरावर ठिपके होते, आणि ते हिरवे चमकत होते, शेणकिड्याच्या पाठीसारखे.

"ह्येच?"

"ह्येच. मानसाच्या आतड्यात ऱ्हातंय. विहिरीत आलं म्हंजे संडासाचं पाणी विहिरीत उतरतंय. यात्रेकरूंसाठी नवीन संडास बांधलं, त्याचा खड्डा विहिरीपास्नं वीस पावलांवर घेतलाय. कापडानं ह्ये गाळून निगत न्हाय, आप्पा. कापडाचं भोक ह्यांच्या लेखी गावाची वेस हाय."

"एका ठिपक्यात किती?"

"कोटीभर तरी."

आप्पा वाकून बघत राहिले. मग शेजारच्या बशीकडे बोट केलं. "आन ही कुणाची? हितं तर चार-पाचच हायत."

"आत्तींच्या हाताची. ते चार-पाच समद्यांच्या कातडीवर आसत्यात, तुमच्या बी, माज्या बी. पोट बिगडवणारं एक बी न्हाय."

ती बशी त्यांनी दोन्ही हातांत घेतली. इतका वेळ धरून ठेवली की दिव्याला वाटलं, आता पडणार. त्यांच्या हनुवटीवरून थेंब ओघळून झाकणावर पडला आणि त्यांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला.

"आता ह्यांचं काय करणार?"

"कुकर."

"किती येळ?"

"पंधरा मिनिटं."

त्यांनी स्टूल ओढलं आणि त्या स्टीलच्या भांड्यासमोर हात जोडून बसले. "माज्यामुळं वाडलं ह्ये," एवढंच म्हणाले आणि डोळे मिटले. दारातून डोकावलेले नागेंद्र सर ते बघून कुठल्याच भाषेत काही न बोलता परत फिरले.

रविवारी पुन्हा मंडपात बैठक भरली. बाबगोंडा अण्णांनी नवा कागद हातात धरला, मग जुना, मग पुन्हा नवा.

"मशीनची चूक आसंल," ते म्हणाले. संडासाचा खड्डा कुठं घ्यायचा हे त्यांनीच ठरवलं होतं, त्यामुळे मशीनवर त्यांचा अचानक राग जडला होता.

आप्पा उभे राहिले. "मशीनची न्हाय. माजी चूक. पयल्या बाटलीतलं पाणी मी उकळून दिलंतं. मानसं आजारी पडली ती हुग्गीनं न्हाय, मी गाळून पाजलेल्या पाण्यानं."

मंडपात कुजबूज झाली. त्यांनी हात वर केला.

"थांबा. ही ल्हान चूक झाली. मोटी वेगळीच हाय. दोन आयतवारामागं ह्या मंडपात माज्या बायकूला तुमी बोललासा, आन मी फरशी बगत बसलो. मला तिच्या हाताची खात्री व्हती. तरी बोललो न्हाय, कारण हुग्गी खोटी ठरली की माजं पाणी खरं ठरणार व्हतं." त्यांनी बायकांच्या बाजूला वळून हात जोडले. "शालन, माजं चुकलं."

इतक्या माणसांत त्यांनी बायकोला नावानं हाक मारलेली गावानं कधी ऐकली नव्हती. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी उगीच घसे खाकरले.

बाबगोंडा अण्णांना विषय खड्ड्याकडे जायच्या आत संपवायचा होता. "झालं मग! आक्का, केटररला न्हाय म्हणून सांगतो. पूजेला हुग्गी तुमचीच."

"न्हाय," आत्ती म्हणाल्या.

"आवो, आता काय ऱ्हायलं?"

"चाळीस वर्सांत मी पयल्या पंगतीला बसलो न्हाय. समद्यांचं झालं की चुलीम्होरं हंड्याच्या बुडाला काय ऱ्हाईल ते खायाचं. औंदा मी पयल्या पंगतीत बसणार. हुग्गी तुमी करा."

"आमी? आमाला येती व्हय?"

"माज्या हुग्गीतली खोट काडता आली, मग हुग्गी बी येत आसलच की. गहू कवा भिजवायचा तेवडं सांगीन."

आणि तसंच झालं. पूजेच्या आधी खड्डा बुजवून लांब हलवला, विहीर बंद केली, मळ्यातल्या बोअरचं पाणी आणलं. त्याचा कच्चा नमुना आप्पांनी न सांगता नेऊन दिला. पंगतीचं सगळं पाणी, व्रतींचं आणि बाकीच्यांचंही, त्यांनी आदल्या सकाळपासून उकळलं. हुग्गीच्या हंड्याशी बाबगोंडा अण्णा, वृषभ आणि कमिटीचे चौघे उघडे होऊन घाम गाळत होते. कुणी म्हणे ढवळा, कुणी म्हणे ढवळू नका. जळका वास मंडपाबाहेर पोचला.

पहिल्या पंगतीत आत्ती नवी इरकल नेसून बसल्या. शेजारी त्रिशला. वाढायला आप्पा स्वतः आले. त्यांनी पानावर हुग्गी घातली आणि तिथंच उभे राहिले. त्यांच्या मागं अण्णा, अण्णांच्या मागं सगळी कमिटी. सहाशे माणसांत कुणी घास उचलेना.

आत्तींनी घास घेतला. सावकाश चावला.

"खाली लागलीया," त्या म्हणाल्या. "आन गूळ लवकर घातलासा. गहू कच्चा ऱ्हायला."

आप्पांनी मान हलवली. वाद घातला नाही. मग खाली बसून त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं. आत्तींनी पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला.

"पाणी बरं हाय," त्या म्हणाल्या, आणि पेला पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

आप्पांचे डोळे भरून आले होते. त्यांनी पेला काठोकाठ भरला.